डिसेंबर आला की घेऊ

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाट्या वाचतो कोण? गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना हंगामराव म्हणायचे आणि तेही त्या नावाला आनंदाने ओ द्यायचे. धंदा केस कापण्याचा. दुकानात दोन खुर्च्या, दोन आरसे, एक रेडिओ आणि हंगामराव. रेडिओ नकोसा झाला तर कान पिळून बंद करता यायचा, हंगामरावांना तशी सोय नव्हती. मानेभोवती कापड आवळलेलं आणि गळ्याशी वस्तरा, अशा अवस्थेत गिऱ्हाईक वाद तरी काय घालणार? ते आपलं हं हं करायचं आणि हंगामरावांना वाटायचं, याला पटतंय.

त्यांचा विषय एकच. घरांचे भाव कोणत्या महिन्यात चढतात आणि कोणत्या महिन्यात उतरतात.

याची लागण त्यांना एका घरांच्या दलालाकडून झाली. तो दाढीला आला होता, तोंडाला साबण लागल्यावर पेंगला होता, आणि हंगामरावांची बडबड थांबावी म्हणून डोळे न उघडता बोलून गेला, "हे बघा, घर घ्यावं डिसेंबरात, विकावं मे महिन्यात. बाकी सगळ्या गप्पा." एवढं बोलून तो घोरायला लागला. हंगामरावांची मात्र झोप त्या दिवसापासून उडाली.

कारण त्यांना ते तिथल्या तिथे पटलं. त्यांच्या स्वतःच्या धंद्यात हेच तर चालायचं! शाळा उघडायच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आया मुलांना बखोटीला धरून आणत आणि सांगतील तो दर देत. उलट कडाक्याच्या थंडीत लोक केस वाढवून कान झाकून घेत. मग हंगामराव माश्या मारत बसायचे. म्हणजे थंडीत माश्याही नसत, नुसतेच बसायचे. एखादं गिऱ्हाईक चुकून आलंच तर त्याला फुकटात डोक्याची मालिश मिळे. माणसाचं डोकं जर थंडीत स्वस्त होतं, तर माणसाचं घर का होऊ नये?

दुकानात पेपर यायचाच. त्यातल्या घरांच्या जाहिराती ते भक्तिभावाने वाचू लागले. एकच घर मे महिन्यात काय भावाने छापून येतं आणि तेच न विकता डिसेंबरात काय भावाने येतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसत गेलं. कारणंही त्यांनी शोधून काढली. मे महिन्यात परीक्षा संपलेल्या, बदल्या झालेल्या, पोरांना नव्या शाळेत घालायचं असतं. संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड, त्यामुळे नोकरदार माणूस कचेरीतून सुटून घर बघू शकतो. उन्हात सगळीच घरं हसरी दिसतात. एका घरामागे दहा जण लागतात आणि मालक डोक्यावर बसतो. डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, भिंती गार पडतात, कोपऱ्यातली ओल तोंड वर काढते. गारठ्यात कपाटं उचलून न्यायची हौस कोणाला? आणि ज्याचं घर वर्षभर विकलं गेलं नाही तो मालक तोवर मेटाकुटीला आलेला असतो.

"थकलेला विकणारा आणि गारठलेला घेणारा," हंगामराव कात्री हवेत वाजवत सांगायचे, "हे दोघं भेटले की शंभराची वस्तू पंच्याण्णवला सुटते. लिहून ठेवा."

पुढे पुढे तर त्यांनी या शास्त्राला पोटकलमं जोडली. पगाराच्या आठवड्यात घर बघू नये, तेव्हा सगळ्यांच्या अंगात आलेलं असतं. सोमवारी सकाळी बोलणी करावीत, कारण रविवार फुकट गेल्यामुळे मालक नरम असतो. आणि पाऊस पडत असताना तर जरूर जावं, कारण मालक तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे न बघता छताकडे बघतो.

गंमत अशी की लोकांना याचा फायदा झाला. दातांच्या डॉक्टरांनी जुना फ्लॅट हंगामरावांच्या सांगण्यावरून मे महिन्यापर्यंत अडवून धरला आणि दणक्यात विकला. बँकेतल्या साहेबांनी डिसेंबरात दोन खोल्या घेतल्या आणि घासाघीस करून मालकाच्या तोंडाला फेस आणला. दोघंही आपल्या हुशारीच्या गोष्टी जगाला सांगत सुटले. हंगामरावांच्या दुकानात केस नसलेली माणसंसुद्धा यायला लागली.

आणि खुद्द हंगामराव? ते लग्न झाल्यापासून लोखंडी सामानाच्या एका दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. जिने उभे, अंधारे आणि पायऱ्या अशा की एक वीतभर, तर दुसरी हातभर. पैसे साठवलेले होते. डिसेंबर दर वर्षी न चुकता येत होता. पण डिसेंबर आला की हंगामरावांना जाणवायचं की भाव अजून उतरतोय; उतरत्या भावात घाई करतो तो मूर्ख, जानेवारीत आणखी खाली येईल. जानेवारीत त्यांच्या ध्यानात यायचं की तळ तर गेला, आता चढ सुरू झाला. चढत्या भावात घेतो तो त्याहून मूर्ख. मग उन्हाळा, म्हणजे विषयच नको. मग पावसाळा, म्हणजे थोडंच राहिलं. की पुन्हा डिसेंबर. त्यांची लेक त्या दोन खोल्यांत पडद्यामागे अभ्यास करून मोठी झाली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलीसुद्धा. तिला कबूल केलेली स्वतंत्र खोली कुठल्यातरी डिसेंबरातच राहून गेली.

बायको शिवणकाम करायची. स्वभावाने शांत, पण मुकी नव्हे. "अहो, तुम्ही घर बघताय की भाजी?" असं ती अधूनमधून विचारायची. अलीकडे तिचा गुडघा धरायला लागला होता. खाली उतरायचं तर ती आधी मनाशी यादी करायची: दोरा, दूध, साबण, औषध. कारण एकदा वर आल्यावर पुन्हा उतरणं होत नसे. यादीतलं एखादं विसरलं की त्या दिवशी ते आणलंच जात नसे.

त्या वर्षी मे महिन्यात, बटणं आणायला गेली असताना, मागच्या रस्त्यावर तिला एक घर दिसलं. तळमजला. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, पुढे एकच पायरी. खिडकी अशी की शिवणाचं मशीन लावलं तर दिवा लावायला नको. दारावर पाटी: विकणे आहे. मालकीण एक निवृत्त नर्सबाई, बहिणीकडे कायमच्या राहायला जाणाऱ्या. बायकोने आत जाऊन घर बघितलं, पाणी पिऊन आली, आणि तिने तडक सलून गाठलं. ती दुकानात कधी येत नसे. खुर्चीत बसलेले डॉक्टर चपापले.

"मला घर सापडलंय," ती म्हणाली. "हेच घ्यायचं."

हंगामरावांचा वस्तरा डॉक्टरांच्या गालावर थांबला. "आत्ता? मे महिन्यात?"

"घर मे महिन्यात सापडलं, त्याला मी काय करू?"

"अगं, लोक काय म्हणतील? मी मे महिन्यात घर घेतलं तर उद्या दुकानात तोंड कसं दाखवू?"

आरशातून डॉक्टरांनी अर्ध्या साबणाच्या तोंडाने मान हलवली. खरंच होतं. गावाला पथ्य सांगणारा वैद्यच गल्लीच्या कोपऱ्यावर कुपथ्य करताना सापडला असता.

घरी गेल्यावर वाटाघाटी झाल्या. हंगामरावांचं म्हणणं, ते घर महाग सांगितलंय, विकलं जाणार नाही, डिसेंबरात पिकल्या फळासारखं हातात पडेल. बायको हातातलं शिवण पुरं करत होती. शेवटी दाताने दोरा तोडत म्हणाली, "ठीक. पण डिसेंबर म्हणजे डिसेंबर. जानेवारीचं नाव काढलंत तर मी लेकीकडे जाईन. आणि हे जिने पुन्हा चढणार नाही."

ती पोकळ धमकी देणारी बाई नव्हती. हंगामरावांना हे ठाऊक होतं.

त्यानंतर रोज दुकान बंद केल्यावर ते मागच्या रस्त्याने घरी येऊ लागले. पाटी आहे का बघायची आणि निःश्वास टाकायचा. जून गेला, पाटी होती. पावसाने ती फिकट झाली, पण होती. हंगामरावांची छाती फुगली. बघा, मे महिन्याचा भाव मागितला की असं होतं! आता शहाण्या माणसाने अशा वेळी तोंड शिवून बसावं की नाही? पण तोंडाला कुलूप लावलं तर दुकानाला लावल्यासारखंच. "मागच्या रस्त्यावर एक घर आहे," ते गिऱ्हाइकांना सांगत, "मी नाव घेत नाही. एकच पायरी आहे, समोर गिरणी. डिसेंबरात बघा कसं लोळण घेतं ते!" गिऱ्हाईक म्हणायचं, हं हं.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी नर्सबाईंनी घर बघायला खुलं ठेवलं होतं. हंगामराव मफलर गुंडाळून, बायकोला हाताला धरून निघाले. हवा झकास वाईट होती. आभाळ राखाडी, वारा बोचरा, थोडी भुरभुर. घरांचे भाव पाडायला याहून चांगला दिवस मागूनही मिळाला नसता. ते मागच्या रस्त्याला वळले आणि जागीच उभे राहिले.

घरासमोर रांग होती.

सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे. कोट, टोप्या, मफलर. पण हंगामरावांना चेहरे बघायची गरजच नव्हती. उभी हयात ते माणसांना मागून बघत आले होते. ती डोक्यात दोन भोवरे असलेली मान डॉक्टरांची. ती उजवीकडे किंचित तिरपी कापलेली बँकेच्या साहेबांची. ती तिरपी रेघ हंगामरावांचीच चूक होती, परवाच शिंक आली होती. तो कानामागे मस असलेला औषधवाला. तो बसचा कंडक्टर. पुढे आणखी, आणि त्यांच्याही पुढे आणखी. अख्ख्या रांगेत त्यांच्या हाताखालून न गेलेली मान एकही नव्हती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे सगळे तुमच्याच दुकानातले दिसतायत."

डॉक्टरांनी मागे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अरे हंगामराव! तुम्हीपण? आम्ही म्हटलं, एवढं सांगतायत तर बघून यावं. मी घेऊन ठेवतो म्हणतोय. मे महिन्यात विकून टाकेन!"

हंगामराव हसले. ते हसू बघून बायकोने त्यांचा हात जास्तच घट्ट धरला.

आत पुढच्या खोलीत सगळे दाटीवाटीने उभे राहिले. नर्सबाई मधोमध खुर्चीत बसल्या होत्या, इंजेक्शनाला पुढचा कोण अशा चेहऱ्याने. त्यांनी मे महिन्याचाच भाव सांगितला. औषधवाल्याने थोडा कमी करून मागितला. कंडक्टरने बाईंचा पूर्ण भाव मान्य केला. बँकेचे साहेब वर गेले. डॉक्टर त्यांच्या वर गेले. बघता बघता गाडी मे महिन्याचा भाव ओलांडून पुढे गेली. बाहेर डिसेंबर भुरभुरत होता आणि आत लोकांना घाम फुटला होता. हंगामरावांचं सगळं शास्त्र त्यांच्या डोळ्यांदेखत पालथं पडत होतं. स्वस्ताईचा महिना कोणता हे एकालाच ठाऊक असतं तोवर तो स्वस्ताईचा; त्यांनी तर गावाला पढवून ठेवलं होतं.

बायको खिडकीच्या कट्ट्यावर टेकली होती. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती. तेव्हा हंगामरावांना कधी सुचलं नव्हतं असं काहीतरी सुचलं. त्यांनी घसा खाकरला आणि दुकानातल्याच आवाजात, कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले, "काय आहे, डिसेंबरात उतरतात, पण खरा तळ जानेवारीतच."

बोली तिथेच थांबली.

"जानेवारी?" बँकेचे साहेब म्हणाले.

"उतरत्या भावात घाई करू नये," हंगामराव म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. गेली कित्येक वर्षं ते स्वतःला हेच सांगत आले होते. "मी तर नुसतं बघायला आलोय."

औषधवाल्याने घड्याळ बघितलं. कंडक्टरला ड्युटी आठवली. डॉक्टर हंगामरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाचवलंत हो!" पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. जिभेच्या जोरावर अख्खं मैदान साफ केल्याच्या आनंदात हंगामराव बाईंकडे वळले.

नर्सबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणजे तो माणूस तुम्ही!" त्या म्हणाल्या. "मे महिन्यात इथे रीघ लागली होती. सगळ्यांना घर आवडायचं, भाव पटायचा, आणि जाताना सगळे एकच बोलायचे, डिसेंबरात येतो म्हणून. माझं सामान तेव्हापासून बांधलेलं आहे. भांडी एकेक करून बाहेर काढत्येय मी! मनात म्हणत होते, या लोकांना शिकवणारा एकदा समोर येऊ दे, बिनपाण्याने करते त्याची."

"अहो बाई, मी फक्त..."

"आता मी मेपर्यंत थांबते. मे महिन्यात विकावं म्हणतात ना? मग मे महिन्यातच विकते."

सवयीने हंगामरावांच्या जिभेवर 'ज' आला, आणि त्यांनी तो बायकोकडे बघून गिळला.

बायको उठली नाही. गुडघ्यावरून हात फिरवत ती शांतपणे बाईंना म्हणाली, "थांबा तुम्ही मेपर्यंत. मीपण थांबते. इथेच, या कट्ट्यावर. मला आता ते जिने चढवत नाहीत."

नर्सबाईंनी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. धंद्यातलीच नजर ती, तिला जास्त सांगावं लागलं नाही. मग त्या हंगामरावांना म्हणाल्या, "डॉक्टरांनी शेवटी सांगितला तो भाव. एक पैसा कमी नाही. आज हो म्हणा, नाहीतर चालू लागा."

म्हणजे मे महिन्याच्याही वरचा भाव. डिसेंबरात. हंगामरावांनी.

आणि तिथे, त्या रिकाम्या खोलीत, त्यांना स्वतःबद्दलची एक गोष्ट पहिल्यांदा स्वच्छ दिसली. ते बायकोजवळ जाऊन बसले. "अगं, भावाचं काही नव्हतं," ते म्हणाले. "मला भीती वाटायची. एवढा मोठा कागद, एवढं कर्ज, आणि घर चुकलं तर? महिना चुकला असं म्हणणं सोपं जायचं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत?"

हंगामराव उठले आणि हो म्हणाले. रोज परक्या माणसांच्या गळ्यावर वस्तरा चालवताना जो हात कधी हलला नाही, त्याने कर्जाच्या कागदावर सही इतकी वाकडी केली की बँकेच्या साहेबांनी ती दोनदा करून घेतली.

आता गाव हसणार, अशी त्यांनी मनाची तयारी ठेवली होती. पण एकदा शहाणा ठरलेल्या माणसाला मूर्ख ठरवणं लोकांना जड जातं. "हंगामरावांनी चढ्या भावाने घेतलं, म्हणजे त्यात काहीतरी खोच असणार," असं गिऱ्हाइकं एकमेकांना सांगू लागली. जानेवारीत भाव काही उतरले नाहीत, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. डॉक्टर थोडे दिवस दुसऱ्या सलूनमध्ये जात होते. तिथला माणूस मुकाट्याने केस कापायचा. डॉक्टरांना करमेना, ते परत आले.

मे महिना आला. एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरांनी त्या घराला भाव सांगितला. ऐकून हंगामरावांची कात्री थांबली. दिला होता त्याच्यावर बराच होता. उभ्या जन्माचं शास्त्र खरं ठरत होतं: डिसेंबरात घेतलं आणि मे महिन्यात विकलं, तेही नफ्याने! "संध्याकाळपर्यंत सांगा," डॉक्टर उठताना म्हणाले. हंगामरावांना कुठला संध्याकाळपर्यंत दम निघतो? भर दुपारी दुकानाला कुलूप घालून ते जवळजवळ पळतच घरी गेले.

दार उघडं होतं. बायको फरशीवर झोपली होती. मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा तसाच पडलेला, हात गालाखाली, तोंड किंचित उघडं, खिडकीतून येणारा वारा तिच्या कपाळावरचे केस हलवत होता. हंगामराव चपला हातात घेऊन उभेच राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. तिकडे तिसऱ्या मजल्यावर दुपारी पाणी यायचं, डोक्यावरचा पत्रा तापायचा, कामं घेऊन उतरायचं असायचं आणि चढायचं असायचं. तिला दुपारी झोप येते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं.

ते बाहेर येऊन पायरीवर बसले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी तो घाईघाईने कानाला लावला.

"मग? विचारलंत का वहिनींना?" डॉक्टर होते.

"झोपलीय ती."

"मग उठवा की! अहो हंगामराव, मे संपत आला!"

"संपू दे," हंगामराव कुजबुजले.